काडतुसाचा आकडा आणि गोळीची घडण

शिकारी रायफलींच्या इतिहासात काडतुसाच्या आकड्यावर, म्हणजे नळीच्या व्यासावर, जेवढी हुज्जत झाली, तेवढी गोळीच्या घडणीवर झाली नाही. खरा निकाल मात्र बहुतेक वेळा घडणीनेच लावला आहे. 1911 साली ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांचे भाऊ जॉर्ज ग्रे यांनी अंगावर आलेल्या सिंहावर .280 रॉस रायफल झाडली. गोळी जेमतेम नऊ ग्रॅमची, वेग सेकंदाला जवळजवळ 900 मीटर. नेम चुकला नव्हता, पण सिंह थांबला नाही आणि ग्रे काही दिवसांतच दगावले. हलकी, पातळ कवचाची गोळी इतक्या वेगात खोल शिरण्याआधीच फुटते. त्याच काळात ‘करामोजो’ बेल हा शिकारी .275 रिग्बीने हत्ती मारत होता. दोन्ही गोळ्यांची जाडी जवळपास सारखीच. पण बेलची गोळी अकरा ग्रॅमची, लांबट, बोथट टोकाची, शिसे धातूच्या कवचात बंद असलेली. वेग सेकंदाला सातशे मीटरच्या आसपास, तरी ती कवटी भेदून सरळ मेंदूपर्यंत जाई. त्याने हजारावर हत्ती मारले, बहुतेक याच काडतुसाने. ती कत्तल आज वाचवत नाही, पण हा पुरावा डावलताही येत नाही.

यावर कोणी म्हणेल, हे बेलच्या हाताचे कसब. कसब होतेच, हत्तीची कवटी करवतीने चिरून त्याने मेंदूची जागा अभ्यासली होती. पण कसब गोळीला योग्य जागी पोहोचवते, हाडातून पुढे नेत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आफ्रिकेतल्या अनेक देशांनी धोकादायक जनावरांसाठी .375 ही किमान मर्यादा का घातली? नेम थोडा हुकला तर जाड, जड गोळी सांभाळून घेते, हे मान्य. शिवाय कायद्याला नळीचा व्यास मोजता येतो, गोळीचे पोट तपासता येत नाही. आणि 1912 साली हॉलंड अँड हॉलंडने आणलेले हे .375 काडतूस 235, 270 आणि 300 ग्रेन अशा तीन वजनांच्या गोळ्यांसह विकले जाई. जनावर पाहून गोळी बदलायची, रायफल तीच.

1946 मध्ये कॅनडात जॉन नॉस्लर यांच्या .300 मॅग्नम रायफलीच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूस या मोठ्या हरणाच्या अंगावर फुटल्या. त्यांनी काडतूस मोठे केले नाही. गोळीच्या पोटात धातूचा पडदा घातला: पुढचे शिसे पसरते, मागचे अखंड राहून आत घुसते. 1948 पासून ती गोळी विकली जाऊ लागली.