४१७ की ५३६?

दोन सर्व्हरच्या लॉग फाइल्स आहेत. नोंदी त्याच, पण एका मशीनचं घड्याळ मागे. किती मागे? हे काम कधी केलं असेल तर खगोलशास्त्रज्ञांचं एक जुनं भांडण तुम्हाला लगेच कळेल.

१९७९ साली वॉल्श, कार्सवेल आणि वायमन यांना अ‍ॅरिझोनातल्या किट पीकच्या २.१ मीटर दुर्बिणीतून सप्तर्षीत दोन क्वेसार दिसले. अंतर जेमतेम ६ आर्कसेकंद, वर्णपट हुबेहूब, रेडशिफ्टही दोघांचा १.४१. जुळे कसले, एकच क्वेसार होता तो! मधल्या आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकवून त्याच्या दोन प्रतिमा केल्या होत्या.

दोन वाटांनी येणारा प्रकाश एकाच वेळी पोचत नाही. नॉर्वेच्या स्यूर रेफ्सडालने १९६४ मध्येच सांगून ठेवलं होतं की हा उशीर मोजा, मधलं वस्तुमान कसं पसरलंय ते ठरवा, आणि हबल स्थिरांक काढा. म्हणजे विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय तेच. (आणि तेव्हा असा एकही क्वेसार सापडला नव्हता, बरं का!)

पण मोजायचं कसं? क्वेसारची चमक कमीजास्त होते ती मनाला येईल तशी. दरवर्षी काही महिने निरीक्षणात खंड. वर मधल्या आकाशगंगेतले सुटे तारे एकाच प्रतिमेची चमक बदलतात. डेटा अगदी घाण. रूडी शिल्ड वर्षानुवर्षं मोजत होते, त्यांचं उत्तर ४०० दिवसांच्या आसपास. १९९२ मध्ये प्रेस, रिबिकी आणि ह्युइट यांनी जोरदार संख्याशास्त्र लावून ५३६ काढले. ते खरं धरलं तर हबल स्थिरांक २० टक्क्यांहून जास्त खाली येतो. छोटी गोष्ट नाही.

मग डिसेंबर १९९४ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अपाचे पॉइंटवरून टोमिस्लाव्ह कुंडिच आणि मंडळींना 'अ' प्रतिमेची चमक झपकन उतरलेली दिसली. त्यांनी सरळ आधीच छापून टाकलं: शिल्ड बरोबर असतील तर हीच घसरण 'ब' मध्ये फेब्रुवारी १९९६ ला दिसेल, नाहीतर जूनमध्ये. मला हा भाग भारी आवडतो. पळवाटच नाही!

फेब्रुवारीतच दिसली. १९९७ च्या त्यांच्या पेपरमधला आकडा ४१७ दिवस, कमीजास्त ३. त्यावरून हबल स्थिरांक आला ६४, पण कमीजास्त १३, कारण मधल्या वस्तुमानाचं कोडं तसंच होतं.