मंडईचा मोसम आणि चार वाद्यांचे संगीत

आठव्या शतकातील नाटककार भवभूती याने आपले मूळ गाव विदर्भातील पद्मपूर असल्याचे सांगितले आहे. हे पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. भवभूतीच्या तिन्ही नाटकांच्या प्रस्तावनांत एक तपशील समान आहे. नाटक होत आहे ते कालप्रियनाथाच्या यात्रेत. आधी यात्रा भरते, लोक जमतात आणि मग प्रयोग होतो. बाराशे वर्षांनंतर त्याच मुलखात हा क्रम तसाच आहे. फक्त यात्रेच्या जागी मंडई आली आहे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत मंडईचे दिवस सुरू होत असतील. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. भाऊबीजेच्या सुमारास गावोगाव भरणारा हा एका दिवसाचा मेळा. शेजारच्या गावांच्या मंडया शक्यतो वेगवेगळ्या दिवशी भरतात, कारण पाहुणे तेच असतात. लेकी-जावई येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, तलावातल्या शिंगाड्यांचे ढीग लागतात, गोवारी मंडळी ढाल घेऊन नाचत येतात. रात्र मात्र दंडारीची किंवा खड्या गमतीची. हलका धान घरात आलेला, भारी धान अजून बांधीत उभा. मधल्या या चार दिवसांत शेतकऱ्याच्या हाताला थोडी उसंत आणि घरात थोडा दाणा असतो. या मोसमाचे वेळापत्रक धानानेच आखले आहे.

दंडार हा झाडीपट्टीचा जुना नृत्य-गायन-नाट्यप्रकार. त्यात बैठी आणि खडी असे भेद मानतात. कलावंत गावातलेच, परंपरेने सारे पुरुष. स्त्रीभूमिकाही तेच करीत. साथीला ढोलकी आणि टाळ, पुढे पेटीही आली. खड्या गमतीत शाहीर उभ्याने गातो, मागे तुणतुणे आणि ढोलकी, पुढे नाच्या. वाद्ये मोजकी, गळे मोजके आणि ऐकणारा इतका जवळ, की गाणाऱ्याचा श्वास त्याला कळावा. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या कलांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यांच्याकडे ‘लोककला’ म्हणून पाहिले गेले, ते योग्यच आहे. पण त्यांच्याकडे संगीताच्या मैफलीचा एक प्रकार म्हणूनही पाहायला हवे.

युरोपात ज्याला चेंबर म्युझिक म्हणतात ते मुळात दालनातले संगीत. वादक थोडे, प्रत्येकाचा सूर वेगळा ओळखू येणारा आणि हातवारे करून सर्वांना चालवणारा कोणी नाही. हे दालन प्रथम सरदाराचे होते. लंडनमध्ये १६७२ साली जॉन बॅनिस्टर याने आपल्या घरी एक शिलिंग घेऊन लोकांना संगीत ऐकवायला सुरुवात केली. व्हिएन्नात १८०४-०५च्या हिवाळ्यात शुप्पांझिग या व्हायोलिनवादकाने चार तंतुवाद्यांच्या मैफलींची मालिका वर्गणीवर चालवली. यजमानाची जागा वर्गणीदाराने घेतली आणि मैफलींचा ‘मोसम’ जाहीर होऊ लागला.

आपल्याकडेही पुढे तेच घडले. १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज निघाला, १८८३ मध्ये कोल्हापुरात देवल क्लबचा आरंभ झाला. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले आणि अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर सोडून मुंबईला आले. दरबार सरला तरी संगीत टिकले, कारण नवा यजमान उभा राहिला होता.

झाडीपट्टीत हा बदल कसा झाला? गोंदियाचा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात होता. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि गावच्या जुन्या व्यवस्थेतला मोठा खांब निघाला. मंडई मात्र बंद पडली नाही. तिचा यजमान कोणी एक माणूस नव्हता, सारे गाव होते. घरोघरची वर्गणी, पाहुण्यांचे जेवण, कलावंतांचा विडा या साऱ्यातून खर्च भागत असे. पुण्या-मुंबईच्या श्रोत्याने तिकीट काढून जे मिळवले, ते इथल्या श्रोत्याने यजमान होऊन मिळवले.

खरा बदल आला तो नाटकाने. गोंदिया–चांदाफोर्ट लोहमार्गावरचे वडसा हे झाडीपट्टी नाटकांचे मोठे केंद्र. तिथल्या नाट्यसंस्था छापखान्यांशी जोडलेल्या असल्याने आजही ‘प्रेस’ म्हणून ओळखल्या जातात. दिवाळीनंतर तारखा भरू लागतात आणि होळीपर्यंत रात्रभराची नाटके चालतात. तिकीट असते, मंडप असतो, पदे प्रत्यक्ष गायली जातात. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. धानाच्या पैशावर, सरकारी अनुदानाची वाट न पाहता उभा राहिलेला हा व्यवसाय अभिमानाचाच आहे. त्याला दोष देऊन दंडार वाचणार नाही.

पण दोन्हींतला फरक विसरून चालणार नाही. नाटक गावात येते; दंडार गावातून उगवते. नाटकाचा कलावंत पहाटे पुढच्या मुक्कामाला निघतो, दंडारीचा गडी सकाळी आपल्याच बांधीत कापणीला उतरतो. नाटकाची संहिता छापलेली असते. दंडारीची गाणी पुष्कळदा एखाद्या म्हाताऱ्याच्या वहीत, नाहीतर नुसती त्याच्या स्मरणात. मैफलीची परंपरा अखंड राहायची तर शिकवणारा, शिकणारा आणि जाणता श्रोता, तिघेही लागतात. दंडारीत हे तिघे एकाच आळीत राहत. तरुण कामासाठी नागपूर-रायपूरला गेले, की तालमीला गडी पुरत नाहीत. मग मंडईच्या रात्री ध्वनिक्षेपकावर तयार गाणी वाजतात. त्यांचा आवाज गावाच्या वेशीपलीकडे जातो, पण शेजारी बसलेल्याला ढोलकीची थाप ऐकू येत नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. मंडईच्या रात्री नाटकाआधीचा एक प्रहर दंडारीसाठी राखावा आणि तेवढा वेळ कर्णे बंद ठेवावेत. गाणाऱ्या जाणत्यांच्या वह्या शाळेतल्या मुलांनी उतरवून घ्याव्यात. चाली मात्र गळ्यातूनच घ्याव्यात, कारण वहीत चाल उतरत नाही. आणि पाहुण्यांनी रात्री लवकर परतू नये.

शहरातल्या संगीत मंडळांच्या हिवाळी मैफलींच्या पत्रिका याच दिवसांत घरी येतात. झाडीपट्टीच्या मोसमाची पत्रिका निघत नाही. मंडई कोणत्या गावी कधी, हे तिथे पाहुण्यालाच विचारावे लागते. विचारल्यावर तो तारीख सांगतो आणि जेवायलाच या, असेही सांगतो.