बलिदान आणि प्रायश्चित्त (ख्रिस्ती)

मानवाच्या पापामुळे देवाशी तुटलेले नाते येशूच्या क्रुसावरील मरणाने पुन्हा जोडले गेले, ही ख्रिस्ती धर्माची मध्यवर्ती श्रद्धा. तिचे मूळ यहुदी परंपरेत आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणत. एकाचा बळी देत, तर दुसऱ्यावर लोकांची पापे ठेवून त्याला रानात सोडत. नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने मात्र ठामपणे सांगितले, की ख्रिस्ताने स्वतःला एकदाच अर्पण केले. आता पशुबळीची गरज उरली नाही.

मराठीच्या प्रांतात हा विचार फार सुंदर रुजला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) रचले आणि येशूचे दुःखसहन व मरण ओवीत आणले.

वऱ्हाडातील वाचकाला पशुबळीचा प्रश्न परका नाही. तिथले संत गाडगेबाबा नवसाच्या बोकडबळीविरुद्ध आयुष्यभर कीर्तनांतून बोलले. त्यांचा आधार भूतदया. ख्रिस्ती विचाराचा आधार पूर्ण झालेले अर्पण. वाटा वेगळ्या, हे विसरू नये.

प्रायश्चित्त नेमके कसे घडते, यावर मतभेद आहेत. अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मचिंतक अ‍ॅन्सेल्मने देवाच्या मानाची भरपाई हा विचार मांडला. त्याच्यानंतरच्या आबेलारने ख्रिस्ताच्या प्रेमाचा माणसावर होणाऱ्या परिणामावर भर दिला. कॅथलिक मिस्सात, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेत, ख्रिस्ताचे तेच एकमेव बलिदान वेदीवर उपस्थित होते, असे मानतात.