काळ्या मातीतील वाहिन्या : चर की आडवे छिद्र?

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या हालचालीने जमिनीखालील जलवाहिन्यांचे सांधे निखळू शकतात. म्हणूनच जेसीबीने चर खोदल्यावर वाहिनीभोवती वाळू वा मुरूम भरणे आवश्यक ठरते.

रस्ता किंवा रेल्वेमार्ग ओलांडताना मात्र चर न खोदता एचडीडी यंत्राने आडवे छिद्र पाडतात. तिरप्या टोकाचा दांडा आधी लहान छिद्र पाडतो. टोकामागील प्रक्षेपकाच्या संकेतांवरून जमिनीवरील कर्मचारी त्याची खोली व दिशा ठरवितो. पुढे रीमरने छिद्र रुंद करून पाइप उलट दिशेने ओढला जातो. बेंटोनाइटचे पातळ मिश्रण छिद्र ढासळू देत नाही.

प्रक्षेपक दांड्याचे स्थान सांगतो. वाटेतील जुनी जलवाहिनी दाखवीत नाही. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने वान धरणावरील ८४ खेडी योजनेसारख्या नळयोजना हाच गावांचा आधार आहे. केबलसाठी पाडलेले एक चुकीचे छिद्र अनेक गावांचे पाणी तोडू शकते. त्यासाठी आधी नकाशे पाहणे व चाचणी खड्डे घेणे गरजेचे असते. खोदकामाची पूर्वसूचना संबंधितांना देता यावी, यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले.