साक्ष आणि सोवळे : ‘स्मृतिचित्रे’तील श्रद्धेचा प्रश्न

पेण व रोहे येथील वर्गांत ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना प्रस्तुत लेखकाला एक अनुभव वारंवार आला आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या विक्षिप्तपणाला विद्यार्थी मनमोकळेपणाने हसतात, लक्ष्मीबाईंच्या सोसण्याने हळवे होतात. धर्मांतराचा भाग आला की मात्र वर्ग गप्प होतो. हे मौन केवळ विद्यार्थ्यांचे नाही. मराठी समीक्षेनेही या ग्रंथाची साधी भाषा, प्रांजळपणा, विनोद आणि सहजीवनाचे चित्रण यांचा मनापासून गौरव केला. श्रद्धेकडे मात्र बहुधा चरित्रातील एक घटना म्हणून पाहिले. लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मर्यादा ओलांडल्या हे सर्वमान्य आहे. त्या ओलांडण्यात ख्रिस्ती श्रद्धेचा वाटा नेमका कोणता, हा प्रश्न तसाच राहिला आहे.

या प्रश्नाला वाङ्मयीन पूर्वपीठिका आहे. मराठी ख्रिस्ती लेखनात ‘साक्ष’ देण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकातच रुजली. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र तिचा ठळक नमुना होय. ग्रंथनामातूनच त्याची रचना सूचित होते : आधी अंधार, नंतर उजाडणे, आणि या दोहोंच्या सीमेवर बाप्तिस्मा. पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये बेळगावी झाला. तत्पूर्वी मुंबईत ते परमहंस सभेच्या वर्तुळात वावरले होते. १८४९ मध्ये स्थापन झालेल्या या सभेला जातिभेद अमान्य होता आणि सभासद परधर्मीयांच्या हातचे अन्नपाणी घेत; पण हे सारे बंद दाराआड चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे उघड होण्याचा प्रसंग आला आणि सभा विस्कटली. बुद्धीने जे मान्य केले होते, ते उजेडात करण्याचे बळ या मंडळींपैकी बहुतेकांना लाभले नाही. मर्यादा विचाराची नव्हती, भयाची होती.

‘स्मृतिचित्रे’चा आरंभ अशाच एका भयापासून होतो. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या आघातातून त्यांच्या वडिलांना, नाना गोखल्यांना, सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेले मीठदेखील धुतल्याशिवाय घरात वापरले जाऊ नये, इथपर्यंत ते गेले. लक्ष्मीबाई हे सारे विनोदाने सांगतात. म्हणून त्यातील इतिहास आपल्या नजरेतून निसटतो. विटाळाची भीती येथे केवळ शास्त्रवचनातून आलेली नाही; राजकीय हिंसेने हादरलेल्या एका घराने ती अंगात मुरवून घेतली आहे. १८६८ मध्ये जन्मलेल्या मुलीला ती संस्कार म्हणून मिळाली. आपण ज्याला व्यक्तिगत मर्यादा म्हणतो, ती अनेकदा अशी देहात साठलेली सामाजिक स्मृती असते.

फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि पती-पत्नींची ताटातूट झाली. पुढे दोघे एकत्र आले तरी लक्ष्मीबाईंनी आपली चूल आणि आपले पाणी निराळे ठेवले. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. या पाच वर्षांतील घटनांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. जातिभेद ही ईश्वराची नव्हे, माणसाची निर्मिती आहे, असा त्यांचा निश्चय आधी झाला, कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची तयारी त्यातून आली, बाप्तिस्मा नंतरचा. ‘अरुणोदय’च्या साच्यात सीमारेषेवर जे घडते, ते येथे सीमारेषेच्या अलीकडेच, स्वयंपाकघरात घडून गेले आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, मग श्रद्धेचे कार्य ते काय उरले? हा बदल विवेकाने, किंवा पतीच्या आग्रहानेही झाला असता. आक्षेपाचा दुसरा भाग संहितेलाच मान्य नाही. एकत्र आल्यावरही निराळी चूल चालविणाऱ्या स्त्रीने पतीच्या आग्रहापुढे मान तुकविली, असे म्हणणे कठीण आहे. पहिल्या भागाचे उत्तर परमहंस सभेच्या इतिहासात आहे. विवेक तिथेही होता. उणीव होती ती जात सोडल्यावर ज्यात उभे राहावे अशा आधाराची. लक्ष्मीबाईंना तो आधार ईश्वराच्या पितृत्वाच्या कल्पनेत सापडला : सर्व माणसे एकाच पित्याची लेकरे असतील, तर पाण्याला विटाळ कसला? हा तर्क आहे, पण तो नात्याच्या भाषेत मांडलेला तर्क आहे. म्हणूनच तो भयापर्यंत पोहोचू शकला. त्याच सुमारास नगर भागात दुष्काळाने अनाथ झालेली मुले टिळकांच्या घरी येऊ लागली आणि या कल्पनेची रोजच कसोटी लागली.

मात्र लक्ष्मीबाई ‘साक्षे’चा विजयी स्वर लावीत नाहीत. त्यांच्या निवेदनात जुनी लक्ष्मी मरून नवी जन्मत नाही. रागावणारी, रुसणारी, स्वतःला हसणारी तीच बाई शेवटपर्यंत बोलत राहते. हे न्यून नव्हे. मर्यादा ओलांडणे म्हणजे ती पुसून टाकणे नव्हे, तिच्याकडे निर्भयपणे पाहता येणे होय, अशी समजूत या विनोदामागे आहे. ग्रंथातील विनोद आणि श्रद्धा वेगळ्या काढून वाचण्याची आपली सवय म्हणूनच दोषास्पद ठरते. ज्या सोवळ्याने एकेकाळी घर वेठीस धरले होते, त्याला हसता येणे हेच येथे श्रद्धेचे फळ आहे.

लेखनाच्या बाबतीतही हेच दिसते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीकडून अक्षरे शिकलेल्या या स्त्रीने १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्यावर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ ओवीछंदात पूर्णत्वाकडे नेले. पुत्र देवदत्त यांना टिळकांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी म्हणून त्यांनी आठवणी लिहावयास घेतल्या आणि त्यांतून १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. १९३६ मध्ये त्या निवर्तल्या, तेव्हा अखेरचा भाग अपुराच होता.

धर्मांतराच्या प्रकरणाशी वर्ग गप्प होतो, तेव्हा शिक्षकाने पान उलटू नये. तेथे थांबून एवढेच विचारावे : आपल्या घरात कोणाचा पेला आजही निराळा ठेवला जातो? त्या प्रश्नानंतरचे मौन पहिल्या मौनाहून वेगळे असते, आणि ‘स्मृतिचित्रे’चे खरे वाचन तेथून सुरू होते.