काळ्या मातीतील मुळे
१८५३ साली वऱ्हाड निजामाच्या अंमलातून कंपनी सरकारच्या कारभाराखाली आले, आणि १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून दप्तरी नोंदल्या गेलेल्या यवतमाळच्या मुलुखात कपाशीच्या झुडपास उत्तरोत्तर महत्त्व चढत गेले. परंतु जी काळी माती ओल धरून हे झुडूप पोसते, तिच्यातच मर रोगाची बुरशी वर्षानुवर्षे दबा धरून राहते. मुळावाटे शिरून ती रसवाहिन्या तुंबविते, आणि खोड चिरले असता आत काळपट रेषा दिसतात. मूळकूज निराळी: तीत मुळाची साल सडून रोप अलगद उपटून येते. दोहोंस सरसकट ‘मर’ म्हणण्याची आपली सवय मला घातकच वाटते. कारण मूळकुजीवर पंजाबात कपाशीत मटकी पेरून भूमी शीतल राखण्याचा प्रयोग झाला, मरीवर मात्र रोगप्रतिकारक वाण हाच मुख्य आधार ठरला.