चित्रातल्या तिला कोणी विचारले?

प्रेमाची प्रसिद्ध छायाचित्रे म्हटली की दोन चित्रे हमखास समोर येतात. एक न्यूयॉर्कचे, दुसरे पॅरिसचे. पोस्टरवर आणि भेटकार्डांवर ती जगभर पोहोचली. दोन्हींत पुरुष स्त्रीचे चुंबन घेतो आहे आणि दोन्हींकडे लोकांनी प्रेमाचा नमुना म्हणून पाहिले. त्या स्त्रियांचे म्हणणे मात्र जगाला कळले ते कित्येक दशकांनी.

पहिले चित्र १४ ऑगस्ट १९४५चे. जपानच्या शरणागतीची बातमी आली आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये एकच गर्दी उसळली. एका खलाशाने पांढऱ्या पोशाखातल्या तरुणीला ओढून मागे झुकवले आणि तिचे चुंबन घेतले. 'लाइफ' मासिकाच्या आल्फ्रेड आयझेनस्टेट यांनी ते टिपले. नावे कोणी विचारली नाहीत. युद्धावरून परतलेला वीर आणि त्याची वाट पाहणारी परिचारिका, ही कथा बघणाऱ्यांनीच रचली.

पुढे 'ती मीच' आणि 'तो मीच' म्हणणारे अनेकजण पुढे आले. सर्वांत भक्कम पुरावे मिळाले ते ग्रेटा झिमर फ्रिडमन आणि जॉर्ज मेंडोन्सा यांच्या बाजूने. ग्रेटा परिचारिका नव्हत्या. त्या दंतवैद्याकडे सहायक होत्या. नाझींच्या छळामुळे ऑस्ट्रिया सोडून आलेल्या ज्यू निर्वासित होत्या. वय २१. खलाशाला त्यांनी त्याआधी कधी पाहिलेही नव्हते. शिवाय त्याची मैत्रीण त्याच्यासोबतच होती, चित्रात मागे तिचा चेहरा दिसतो. पुढे त्याने तिच्याशीच लग्न केले.

२००५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मौखिक इतिहास प्रकल्पासाठी ग्रेटा यांची मुलाखत झाली. ते चुंबन आपल्या मर्जीने झाले नव्हते, त्या माणसाने येऊन आपल्याला धरले, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांनी त्याच्याबद्दल कटुता बाळगली नाही. युद्ध संपल्याचा तो आनंद होता, हेही त्या म्हणाल्या. पण ज्याला जग प्रणय म्हणत होते, तो प्रणय नव्हता.

दुसरे चित्र १९५० चे. 'लाइफ'ला पॅरिसच्या प्रेमिकांवर चित्रे हवी होती. रॉबेर द्वानो यांना एका कॅफेजवळ फ्रांस्वाज आणि तिचा मित्र जॅक दिसले. दोघेही अभिनयाचे विद्यार्थी. द्वानो यांनी त्यांना कॅमेऱ्यासमोर पुन्हा चुंबन घ्यायला सांगितले. दोघे तयार झाले. नगरभवनासमोरच्या गर्दीत टिपलेले ते चित्र १९८० च्या दशकात पोस्टर म्हणून अफाट खपले. चित्रातले जोडपे आपणच, असा दावा करून दुसरेच एक जोडपे कोर्टात गेले, तेव्हा चित्र ठरवून काढल्याचे द्वानो यांना सांगावे लागले. अनेकांना वाटले, आपली फसवणूक झाली.

आता दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहा. न्यूयॉर्कचा क्षण अचानक टिपलेला, म्हणून 'खरा'. पण त्यात प्रेम नव्हते. पॅरिसचा क्षण ठरवून घडवलेला, म्हणून 'खोटा'. पण ते दोघे तेव्हा खरोखर प्रेमात होते आणि फ्रांस्वाजला विचारून चित्र काढले होते. दोन्ही चित्रांत स्त्रीचा हात पुरुषाच्या गळ्याभोवती नाही. न्यूयॉर्कच्या चित्रात तर तिचा चेहराही त्याच्या हाताआड झाकला गेला आहे. तिची रजामंदी आहे की नाही, हे नुसते चित्र पाहून कळत नाही. ती आपण गृहीत धरतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मेंडोन्सा वारले. दुसऱ्याच दिवशी फ्लोरिडातल्या त्या दृश्याच्या भव्य पुतळ्यावर, स्त्रीच्या पायावर, कोणीतरी लाल रंगाने 'मी टू' लिहिले. २०२४ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक विभागातल्या एका अधिकाऱ्याने हे चित्र कार्यालयांतून काढण्याची सूचना केली. बातमी फुटताच मंत्र्यांनी ती रद्द केली.

चित्र भिंतीवर राहावे की नाही, यावर वाद होत राहील. माझ्या मते ते राहावे, पण खाली ग्रेटा यांचे नाव आणि त्यांचे म्हणणेही लिहावे. इतिहास शिकवताना आपण दस्तऐवजाला विचारतो, हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले? छायाचित्रालाही तेच विचारावे, आणि त्यात स्त्री असेल तर आणखी एक प्रश्न: तिला कोणी विचारले होते का? आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. हा प्रश्न आता आपल्या मुलांनाही शिकवायला हवा.